अर्धा पत्रा, अर्धं कापड

पहिल्याच भेटीत अंकलनी मला माझं वजन सांगितलं. मी हॉटेलच्या परचेसमध्ये नवा रुजू झालो होतो आणि ते मेंटेनन्सचे सुपरवायझर. इथे लोक आधी नाव विचारतात, मग गाव, मग व्हिसा कुणाचा ते. अंकलनी हात मिळवला, मला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि एक आकडा टाकला. मी म्हटलं, तीन किलो कमी करा. त्यावर ते असे खट्टू झाले की मलाच वाटलं, उगाच खरं बोललो.

आखातातल्या प्रत्येक घरात सामान तोलायचा हातातला काटा असतो. सुट्टीवर गावी निघताना बॅग त्याला अडकवायची, वजन जास्त भरलं की एकेक अत्तराची बाटली बाहेर काढत बसायचं, आणि काटा परत कपाटात टाकून द्यायचा. अंकलचा काटा खिशात असे. माझा जेवणाचा डबा ते रोज त्याला लटकवून बघत. "आज मिसेसने भात जास्त दिलाय," असं म्हणत, आणि खरंच दिलेला असे. टूलबॉक्स, फायर एक्स्टिंग्विशर, पाहुण्यांची विसरलेली छत्री, काहीही असो. हे वेड त्यांना गाडीमागे ओढायच्या, आत झोपायची सोय असलेल्या ट्रेलरमुळे लागलं की वेड असल्यामुळे ते ट्रेलरच्या वाटेला गेले, हे मला अजून सांगता येणार नाही. पण त्यापायी माझे चार हिवाळ्यांतले शनिवार गेले, हे मात्र नक्की.

अंकल वसईचे. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून शुक्रवारी चर्चला जाणार, शनिवारी ट्रेलर बघायला जाणार. आम्ही बहरीनला, अदलिया भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, खाली कॅफे आणि वर आम्ही. ड्यूटीला त्यांच्याच गाडीतून जायचो, त्यामुळे त्यांना नाही म्हणण्याची सोय मला नव्हती. अंकल सगळ्यांचेच अंकल होते. त्यांच्याहून मोठे असलेले आमचे जनरल मॅनेजरही त्यांना अंकलच म्हणत.

त्यांची बायको, म्हणजे आंटी, हॉस्पिटलात नर्स. कायमची नाइट. मुलं लहान होती तेव्हा दिवसा कुणीतरी घरी पाहिजे म्हणून त्यांनी नाइट मागून घेतली, ती पुढे सुटलीच नाही. संध्याकाळी अंकल जिना चढायचे आणि आंटी उतरायच्या. मधल्या पायऱ्यांवर दोघांचा संसार चालायचा. दुधाचं सांगायचं, मुलाच्या ट्यूशनचं सांगायचं, गॅस सांगितलाय का विचारायचं. आंटींची सुट्टी रोस्टर देईल तेव्हा, अंकलची हॉटेल देईल तेव्हा. गावची रजासुद्धा दोघांना एकदम कधी मिळाली नाही. एकाने मुलांना घेऊन वसईला जायचं, दुसऱ्याने इथे एसीच्या आवाजात एकट्याने जेवायचं. नाताळच्या रात्री हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे अंकल तिकडेच.

एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना ते म्हणाले, "आम्ही चौघं एका रात्री एका छपराखाली झोपलोय, असं मला आठवत नाही." मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणताहेत. मग ते मागे मागे जायला लागले, धाकट्याचं बारसं, आजीचं आजारपण, आणि कुठल्याच रात्रीत चौघं सापडेनात. मुलगी तेव्हा नववीत होती. तिला शाळा संपल्यावर बाहेर शिकायला जायचं होतं आणि ती जाणार हे घरात ठरलेलंच होतं. त्याआधी एक रात्र. अंकलना जगाकडून एवढंच पाहिजे होतं. बाकी सगळा खटाटोप त्यासाठी.

मी साहजिकच म्हटलं, मग एखाद्या हॉटेलात खोली घ्या की एका रात्रीची. अंकल म्हणाले, "हॉटेलात मी झोपत नाही. हॉटेलात मी नळ दुरुस्त करतो." हे अगदी खरं होतं. दुसऱ्याच्या हॉटेलात लग्नाला गेले तरी ते छताकडे बघत जेवत. तंबूत धूळ येते आणि आंटींना सायनसचा त्रास. मोठा कॅरव्हॅन त्यांच्या जुन्या गाडीला ओढवला नसता. म्हणून मग हायब्रिड. मधला भाग पक्का पत्र्याचा, आणि दोन्ही टोकांना फळी उघडली की बिछाने बाहेर येतात, त्यांच्यावर कापडाचं छप्पर. अर्धा पत्रा, अर्धं कापड. वजनाला हलका, पसरला की चौघांना पुरेसा. हा शब्द त्यांनी कुठून पकडला देव जाणे, पण पुढे चार वर्षं आमच्या गाडीत दुसरा विषय नव्हता. गाडीमागचा ओढायचा टो बार किती पेलतो, ब्रेक ट्रेलरला वेगळे हवेत का, एक्सल एक की दोन. मी ऐकत असे. दमलेला माणूस जसं रेडिओ ऐकतो तसं.

इथे हिवाळा आला की अर्धं बहरीन सखीरच्या वाळवंटात राहायला जातं. स्थानिक लोकांचे कॅम्प म्हणजे थाट असतो, जनरेटर, दिवाणखाना, गालिचे, टीव्ही. आपल्यातले काही जण ओळखीने एखाद्या शनिवारी जाऊन कोंबडी भाजून येतात. मुक्काम करायला ट्रेलर घेणारा आमच्या माहितीत दुसरा कोणी नव्हता.

विकाऊ ट्रेलर बघण्याची अंकलची एक पद्धत होती. टायर बघायचे नाहीत, इंजिन तर नसतंच. मालकाला नमस्कार करायचा, बूट काढायचे, आत जाऊन एका बिछान्यावर आडवं व्हायचं. मला दुसऱ्या टोकाच्या बिछान्यावर झोपायला लावायचं. मग डोळे मिटून म्हणायचे, "आता श्वास घे." मी श्वास घ्यायचो. "ऐकू येत नाही," असं म्हणून ते उठायचे. चौघांतल्या प्रत्येकाला बाकीच्या तिघांचा श्वास ऐकू आला पाहिजे, ही त्यांची अट होती. हमद टाऊनच्या बाजूला एका वयस्कर बहरिनी गृहस्थांच्या अंगणात आम्ही असे दोघं डोळे मिटून पडलो होतो. ते गृहस्थ दारात आले, आम्हाला पाहिलं, आवाज न करता परत गेले आणि कहवा नि खजूर घेऊन आले. आम्ही फार लांबून, फार थकून आलो असणार असा त्यांचा समज झाला. दुसऱ्या अर्थाने तो चुकीचाही नव्हता. अंकलनी खजूर खाल्ला, ट्रेलर नाकारला आणि निघताना "इंशाल्ला, पुन्हा येऊ" म्हणाले. पुढच्या शनिवारी खरंच गेले, नुसता कहवा प्यायला.

घरात या प्रकरणाला कुणाचाच पाठिंबा नव्हता. मुलगी फोनमधून मान वर न करता "डॅड, जस्ट बुक अ रूम" म्हणायची. मुलाला वायफाय मिळेल का एवढीच चौकशी. आंटींना मी एकदा जिन्यात विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या पाठीवरची बॅग सावरत म्हणाल्या, "त्यांना करू दे. नाही केलं तर घरातले पंखे उघडून बसतील." आणि उतरून गेल्या. त्यांच्यासाठी नेहमी खाली हॉस्पिटलची बस उभी असे.

शेवटी अंकलना हवा तसा ट्रेलर मिळाला तो कायमची मायदेशी निघालेल्या एका इंग्रज मास्तरांकडे. त्याच्यात माझा श्वास ऐकू आला. एका बाजूचं कापड उसवलेलं होतं, ते आम्ही बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याकडून शिवून घेतलं. शिंप्याने आयुष्यात पहिल्यांदाच घराला टाका घातला असेल. तोवर मुलगी बारावीला पोचली होती. परीक्षा संपत आल्या होत्या आणि कॅम्पिंगचा सीझनही. चार वर्षं निवडण्यात गेली, असं मी एकदा चिडून बोललो. अंकल म्हणाले, "एकच रात्र आहे. चुकीचा घेऊन कसं चालेल?"

मग ओढायचं शिकणं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. हे अंकल आधी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये शिकले, चाकांच्या खुर्चीला सामानाची ट्रॉली बांधून. हाउसकीपिंगच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या. एका पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. नंतर मोकळ्या पार्किंगमध्ये खराखुरा सराव, मी मागे उभा राहून "यल्ला, यल्ला, बस" करणारा. घसा बसला माझा. पण पठ्ठ्या शिकला. चढ, वळण, रिव्हर्स, सगळं जमायला लागलं.

आणि वजन. ट्रेलरच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या बाजूला, भार थोडा जास्त पाहिजे. मागे जास्त झाला की तो शेपटीकडून डोलायला लागतो आणि गाडीलाही सोबत नेतो. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. जाण्याच्या आदल्या दिवशी अंकलनी प्रत्येक उशी, प्रत्येक पातेलं काट्याला लटकवून तोललं आणि आपापल्या जागी बसवलं. मुलांनाही बाथरूमच्या काट्यावर उभं केलं. मुलगी म्हणाली, "सीरियसली?" आणि उभी राहिली.

तो सीझनचा शेवटचा आठवडा. आंटींना बऱ्याच खटपटीने त्या रात्रीची सुट्टी मिळाली होती. सकाळी त्या ड्यूटीवरून आल्या त्या थेट ट्रेलरजवळ. युनिफॉर्मवरच होत्या. म्हणाल्या, "आज रात्री परत बोलावलंय. एक जण आजारी आहे. मी हो म्हटलं."

अंकल जोडाची साखळी लावत होते. साखळी लावून झाली तरी ती पुन्हा ओढून बघत राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तू तुझी नवी गाडी घेऊन मागून येशील का, संध्याकाळी हिला हॉस्पिटलला सोडायला? मला त्यांचं तोंड बघवेना. मी किल्ली आणायला वर गेलो.

खाली येतो तर ट्रेलरभोवती अख्खी बिल्डिंग. आपल्याकडे कुणी रात्रभरासाठी बाहेर निघालं की रिकाम्या हाताने निरोप देत नाहीत. माझ्या बायकोने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं भरलेलं मोठं पातेलं दिलं. चर्चमधल्या एका बाईंनी तिखट-आंबट इंद्याल मटणाचा कुकर आणि फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची पिशवी. साताऱ्याचा एक ड्रायव्हर राहायचा कॅफेच्या मागच्या खोलीत, त्याने कलिंगडं आणली, एक नव्हे, पोतंभर. कुणी पाण्याचे कॅन, कुणी कोळसा. या ट्रेलरचं स्वयंपाकघर मागच्या टोकाला बिछान्याच्या फळीखाली होतं, बाहेरून उघडणारं. दार उघडंच होतं आणि उंचीही सोयीची. जो तो यायचा आणि आपली वस्तू तिथे सरकवायचा. अंकल एकेकाला "थँक यू, थँक यू" म्हणत होते. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांचा हात खिशातल्या काट्याकडे जाताना मी दोनदा पाहिला. पण प्रेमाने दिलेला डबा कुणासमोर तोलणार, आणि तोलून परत कसा देणार? काटा खिशातच राहिला.

सखीरच्या रस्त्याला शहर मागे पडलं आणि वारा लागला. मी मागून येत होतो. आधी ट्रेलरचं ढुंगण किंचित हललं. मग इकडे, मग तिकडे, मग ते थांबेचना. पुढची गाडीही नाक हलवायला लागली. शेजारून एक ट्रक हॉर्न देत गेला. त्या गाडीत चौघं होती. अंकलनी ब्रेक मारला नाही, तेवढं शिकलेलं कामाला आलं. वेग आपोआप मरू दिला, डोलणं कमी कमी होत गेलं आणि ते कसेबसे कडेच्या वाळूत थांबले.

मी धावत गेलो. मुलगा रडत होता, मुलगी पांढरीफटक पडून सीट घट्ट धरून बसली होती. पुढच्या सीटवर आंटी गाढ झोपलेल्या. गाडी थांबल्यावर त्यांना जाग आली. त्यांनी विचारलं, "पोचलो?" आणि उत्तर यायच्या आत परत झोपल्या.

अंकल उतरून मागे आले आणि स्वयंपाकघराचं दार उघडून कलिंगडांकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "सगळं मोजलं होतं रे मी. नाही म्हणायचं तेवढं जमलं नाही." मग खाली वाळूत बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. परत फिरू या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तसाही रात्रीचा बेत मोडलाच होता. पण मुलगी खाली उतरली, एक कलिंगड उचललं आणि माझ्या डिकीत नेऊन ठेवलं. मग दुसरं. अर्ध्या तासात सगळं अन्न माझ्या गाडीत आलं आणि ट्रेलर सरळ चालायला लागला.

मोठ्या कॅम्पांपासून जरा लांब, सपाट जागा बघून आम्ही थांबलो. अंकलनी चाकांना ठोकळे लावले, लेव्हलची नळी ठेवून बुडबुडा मध्यावर आणला, दोन्हीकडचे बिछाने ओढून कापड ताणलं. त्यांनी दिवसभराचा बेत केला होता. पत्ते, फुटबॉल, दुपारी कोळशावर मासे. आंटी आत गेल्या आणि पडल्या त्या पडल्याच. मुलगी चार्जर शोधायला आत गेली, ती बाहेर आली नाही. परीक्षेची जागरणं होती तिची. मुलगा तिला बोलवायला गेला आणि तोही लुडकला. कोळसा पेटलेला, मासे मसाला लावून तयार, आणि खायला मी एकटा.

अंकल दारातल्या पायरीवर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"ऐक," ते म्हणाले.

आतून श्वास ऐकू येत होते. एक बारीक घोरणंही होतं. मी हसून म्हटलं, आंटी दमल्यात.

"ती नाही. पोरगी आहे." अंकलनी आतल्या अंधारात वाकून पाहिलं. "मुलगी घोरते माझी. मला माहीतच नव्हतं."

मी त्यांना म्हटलं, अंकल, जा, तुम्हीही पडा. दुपार तर दुपार. त्यांनी बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि आत गेले. मी सावलीत खुर्ची टाकली आणि बायकोच्या आंबोळ्या खाल्ल्या. लांब कुठेतरी पोरं वाळूत गाड्या उडवत होती. मला वाटलं, एवढंच मिळायचं होतं यांना, अर्धी रात्र, तीही उन्हात. मला त्या हॉस्पिटलाचा, हॉटेलाचा आणि आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्यांचा फार राग आला. मग तोही बसला. राग धरायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

ऊन कलल्यावर आंटी बाहेर आल्या. तोंड धुतलं, केस बांधले, नवा युनिफॉर्म घातला, पांढरे बूट चढवले. मी गाडी वळवून ठेवली होती. त्या पुढच्या सीटवर बसल्या, एक पाय अजून बाहेर वाळूत. अंकल त्यांची पाण्याची बाटली भरून घेऊन आले.

"पोरांना उठवलं नाहीत?" आंटींनी विचारलं.

"झोपू दे. तू जाऊन ये."

आंटींनी बाटली घेतली आणि ट्रेलरकडे पाहिलं. कापडाची खिडकी अर्धी उघडी होती, तिच्यातून मुलीचा पाय बाहेर आलेला दिसत होता. मी गाडी चालू केली. त्या म्हणाल्या, जरा थांब. मी बंद केली. त्यांनी पर्समधून फोन काढला आणि वॉर्डच्या इनचार्जला लावला. एवढ्या वर्षांत त्यांनी असा फोन कधी केलेला नाही, हे मला अंकलच्या चेहऱ्यावरून कळलं. ते श्वास धरून उभे होते.

"सिस्टर, मैं आज नहीं आ सकती," आंटी म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. आंटी ऐकत होत्या, नजर त्या खिडकीवर. "नहीं सिस्टर, तबियत ठीक है. मैं घर पे हूँ. आज हम चारों घर पे हैं."

पलीकडून पुन्हा काहीतरी बोलणं सुरू झालं. आंटींनी फोन कानाला खांद्याने धरला, खाली वाकल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.